शिलारसातील सल्फाइड धातुकांची नमुनापेटी : दगड अस्सल, पुस्तिका कच्ची

कोल्हापुरात शाळा-महाविद्यालयांना प्रयोगसाहित्य पुरवणारी जी मोजकी दुकाने आहेत, त्यांपैकी एका दुकानात अलीकडे भूशास्त्राच्या नमुनापेट्या मिळू लागल्या आहेत. स्फटिक, जीवाश्म, बांधकामाचे दगड अशा नेहमीच्या पेट्यांच्या रांगेत ‘शिलारसातील सल्फाइड धातुके’ अशी एक पेटी दिसली, तेव्हा प्रथम आश्चर्य वाटले. कारण हा विषय पदवीच्या वर्गात दोन-तीन तासांत उरकला जातो आणि त्यातले अस्सल खडक हातात घेऊन पाहण्याची संधी आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सहसा मिळत नाही. किंमत ७,८०० रुपये. आमच्या वर्गासाठी ती घेतली आणि एक पूर्ण सत्र वापरली. तिच्यात मुठीत मावतील असे सात नमुने, आरशासारखे घासून गुळगुळीत केलेले दोन छोटे ठोकळे, एक चुंबक, खनिजाच्या भुकटीचा रंग पाहण्यासाठी चिनी मातीची खरखरीत पट्टी आणि एक मराठी पुस्तिका आहे. नमुने आणि पुस्तिका यांच्या दर्जात इतकी तफावत आहे की दोन्ही एकाच हाताने तयार केली असतील असे वाटत नाही.

विषयाची ओळख नसलेल्यांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. शिलारस म्हणजे मुख्यतः सिलिकेटांचा वितळलेला रस. त्यात गंधक विरघळतो, पण फार थोडा. बेसाल्टी शिलारसात वजनाने एक दशांश टक्क्याच्या आसपास. त्याहून अधिक गंधक झाला, किंवा थंड होताना शिलारसाची क्षमताच घटली, की लोह आणि गंधक यांचा एक वेगळा द्रव, म्हणजे सल्फाइड द्रव, थेंबाथेंबाने बाजूला होतो. शिरोलीच्या किंवा उद्यमनगरच्या ओतशाळेत वितळलेल्या लोखंडावरची मळी ओढून काढताना ज्याने पाहिली आहे, त्याला एका भांड्यातले दोन द्रव एकमेकांत मिसळत नाहीत म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. येथे फक्त वरची मळी म्हणजे सगळा खडक आणि खाली बसणारा द्रव म्हणजे धातुक. सिलिकेट रसाची घनता २.७ च्या आसपास, तर सल्फाइड द्रवाची ४ च्या वर असते. शिवाय हा द्रव अतिशय पातळ असल्यामुळे स्फटिकांच्या फटींतूनही सहज झिरपतो. निकेल, तांबे आणि विशेषतः प्लॅटिनम गटातील धातूंना सिलिकेट रसापेक्षा या द्रवात राहणे कितीतरी पटींनी पसंत असते : निकेलला शेकडो पट, तांब्याला हजाराच्या आसपास, प्लॅटिनम-पॅलेडियमला दहा हजारांपासून लाखोंपर्यंत. विखुरलेला धातू गोळा करण्याचे काम हे थेंब करतात आणि त्यांच्याविना या धातूंच्या बहुतेक मोठ्या खाणी झाल्याच नसत्या.

पेटीतला सर्वांत मौल्यवान नमुना रशियातील नोरील्स्कचा आहे, आणि केवळ त्याच्यासाठी पेटी घेतली तरी चालेल असे माझे मत आहे. करड्या, भरड खडकाची करवतीने कापलेली ती चकती आहे. तिच्यात रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल थेंब जसाच्या तसा गोठलेला दिसतो. थेंबाचा खालचा अर्धा भाग तपकिरी झाक असलेल्या काशाच्या रंगाचा, वरचा अर्धा झगझगीत पितळी, आणि त्याच्याही वर फिकट सिलिकेट खनिजांची छोटी टोपी. भिंगातून पाहिल्यास दोन रंगांमधली रेषा जवळजवळ सपाट आहे; म्हणजे थेंब गोठत असताना तो एक लहानसे तळेच होता. तापमान हजार-अकराशे अंशांच्या घरात असताना सल्फाइड द्रवातून प्रथम लोह-निकेलचे एकजिनसी घन सल्फाइड स्फटिकरूपाने वेगळे होते आणि तळाशी बसते. उरलेला द्रव तांब्याने समृद्ध होत वर राहतो. त्या पहिल्या घनाचे पुढे थंड होताना पायरोटाइट (लोहाचे सल्फाइड) आणि पेंटलँडाइट (लोह-निकेलचे सल्फाइड) होतात, तर वरच्या ताम्रयुक्त भागाचे चाल्कोपायराइट (तांबे-लोहाचे सल्फाइड) आणि त्याची भावंडे. वरची टोपी म्हणजे थेंबाला चिकटलेल्या वायूच्या बुडबुड्याची जागा, जी नंतर इतर खनिजांनी भरली असे मानले जाते. जड सल्फाइड केवळ खालीच जाते हा समज गेल्या काही वर्षांत बदलला आहे. बुडबुड्याला चिकटलेला थेंब शिलारसातून वरही वाहून नेला जाऊ शकतो, आणि हे कागदावर शिकवण्याऐवजी या चकतीकडे बोट दाखवणे पुरेसे होते.

या नमुन्याच्या पाठीमागे ‘वरची बाजू’ दाखवणारा बाण चिकटवला आहे आणि तो उलटा आहे. पितळी भाग खाली आणि काशाचा वर धरला तरच बाण आकाशाकडे जातो. गंमत अशी की वर्गातल्या एका मुलीने हे स्वतःहून ओळखले, त्यामुळे उलट्या बाणाचा उपयोगच झाला. पण एवढ्या किमतीच्या पेटीत असे होऊ नये, आणि ज्या शाळेत भूशास्त्राचा शिक्षक नाही तेथे ही चूक कोणाच्या लक्षात येणार नाही.

कॅनडातील सडबरीचे दोन नमुने एकमेकांशेजारी ठेवण्याची कल्पना ज्याची असेल त्याला दाद द्यावी लागेल. सडबरीचे धातुक १८८३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग खोदताना उघडकीस आले. पुढे अनेक दशकांनी कळले की सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी एका प्रचंड उल्कापाताने तेथील कवच वितळले आणि त्या वितळलेल्या जाड थरातून सल्फाइड खाली जमा झाले. पेटीतला पहिला तुकडा या थराच्या तळाजवळचा, पायरोटाइटने भरलेला, निकेलयुक्त; त्याला चुंबक चटकन चिकटतो. दुसरा त्याच्याही खालच्या खडकातील शिरांमधला, जवळजवळ शुद्ध चाल्कोपायराइटचा. चुंबक त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही आणि चिनी मातीवर तो हिरवट काळी रेघ उमटवतो. नोरील्स्कच्या थेंबात नाण्याएवढ्या जागेत जे घडले, तेच येथे शेकडो मीटरच्या अंतरावर घडले आहे. उरलेला ताम्रयुक्त द्रव फटींतून निसटला आणि प्लॅटिनम व पॅलेडियमही आपल्याबरोबर घेऊन गेला, तर इरिडियम, ऱ्होडियम यांसारखे धातू मागच्या पायरोटाइटमध्येच राहिले. विद्यार्थ्यांकडून चुंबक आणि पट्टी वापरून हा निष्कर्ष काढून घेता येतो, हे या पेटीचे खरे यश आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कंबाल्डाचा नमुना जाळीदार धातुकाचा आहे : काळसर, पूर्वी ऑलिव्हीन (मॅग्नेशियम-लोहाचे सिलिकेट खनिज) असलेले आणि आता पाण्याशी क्रिया होऊन सर्पेंटाइन झालेले दाणे, आणि त्यांच्या भोवती सल्फाइडचे अखंड जाळे. तळाशी सलग सल्फाइड, त्यावर हे जाळे आणि त्याच्याही वर विरळ ठिपके असा तेथील थरांचा क्रम असतो. पुस्तिकेत त्याची आकृतीही नीट दिली आहे, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्डच्या मेरेन्स्की थराचा तुकडा दिसायला सर्वांत सामान्य आहे. भरड, मातकट-हिरवा खडक, त्यात क्रोमाइटची (क्रोमियमच्या खनिजाची) काळी बारीक रेघ आणि मधूनच चमकणारे सल्फाइडचे कण. तेही एक ते तीन टक्क्यांपलीकडे नाहीत. वर्गात हा नमुना फिरवला तेव्हा पुष्कळांनी तो पाहून लगेच पुढे सरकवला. वस्तुतः १९२४ मध्ये हान्स मेरेन्स्की यांनी शोधलेला हा थर, बहुतेक ठिकाणी मीटरभरही जाड नसताना, जगातल्या प्लॅटिनमच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक आहे. एवढ्या थोड्या सल्फाइडात एवढे प्लॅटिनम कसे, याचे उत्तर पुस्तिकेतील एकाच उत्तम पानावर आहे. १९७९ मध्ये इयान कॅम्पबेल आणि अँथनी नाल्ड्रेट यांनी मांडलेला मुद्दा तेथे सोपा करून दिला आहे : थेंबाने किती शिलारसाशी संपर्क साधला, म्हणजे सिलिकेट रसाचे वजन सल्फाइडच्या किती पट, यावर थेंबाची श्रीमंती ठरते.

पुस्तिकेत सूत्र आहे, उदाहरण नाही. ते मी फळ्यावर करून दाखवतो. समजा शिलारसात तांबे दहा लाख भागांत १०० भाग आणि प्लॅटिनम शंभर कोटी भागांत १० भाग आहे. सल्फाइडकडे जाण्याचा कल तांब्यासाठी १,००० पट आणि प्लॅटिनमसाठी १,००,००० पट धरू. सल्फाइडच्या १,००० पट शिलारस त्याच्या संपर्कात आला तर सल्फाइडात तांबे ५ टक्के आणि प्लॅटिनम टनामागे १० ग्रॅम भरते. शिलारस १०,००० पट असेल तर तांबे ९ टक्क्यांवर जाते, प्लॅटिनम मात्र ९१ ग्रॅमवर. लाख पट असेल तर तांबे जेमतेम १० टक्क्यांपाशी अडकते आणि प्लॅटिनम ५०० ग्रॅमपर्यंत पोहोचते. असे सल्फाइड खडकात केवळ एक टक्का असले तरी टनामागे ५ ग्रॅम प्लॅटिनम मिळाले. तांब्याची मर्यादा लवकर गाठली जाते आणि प्लॅटिनमची गाठलीच जात नाही, हे आकड्यांतून दिसले की मघाशी पुढे सरकवलेला तो नीरस तुकडा वर्ग परत मागून घेतो.

घासलेल्या ठोकळ्यांविषयी सावध करणे भाग आहे. त्यांतील एकावर पायरोटाइटच्या कडांपासून आत शिरलेल्या पेंटलँडाइटच्या ज्वालेसारख्या बारीक पट्ट्या आहेत. साधारण ६०० अंशांच्या आसपास आणि त्याखाली निकेल मूळ सल्फाइडातून बाहेर पडताना त्या तयार होतात. दृश्य सुंदर आहे, पण ते परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते आणि तो बहुतेक महाविद्यालयांत नसतो. दहा पटींच्या भिंगातून नुसती एक फिकट कड जाणवते. दुकानदाराने विकताना हे सांगायला हवे होते.

आता पुस्तिकेच्या मुख्य दोषाकडे येतो, कारण तो छपाईचा नसून विषयाचाच आहे. तिच्यात लिहिले आहे की शिलारस वर चढू लागला की दाब कमी होतो, त्यामुळे गंधकाची विद्राव्यता घटते आणि सल्फाइड वेगळे होते. ऐकायला हे पटते, कारण पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याबाबतीत तसेच घडते. सल्फाइडाचे मात्र उलट आहे. जॉन मॅव्हरोजेनीस आणि ह्यू ओनील यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसले की दाब कमी होईल तशी शिलारसाची सल्फाइड सामावून घेण्याची क्षमता वाढते. म्हणजे प्रावरणातून (कवचाखालच्या थरातून) गंधकाने काठोकाठ भरून निघालेला शिलारस कवचाच्या वरच्या भागात पोहोचतो, तेव्हा त्यात आणखी गंधकासाठी जागा झालेली असते. आपोआप सल्फाइड सांडण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला पुन्हा संपृक्त करायचे तर तो बराच थंड होऊन स्फटिकीभूत व्हावा लागतो, पण तोवर ऑलिव्हीनने निकेल गिळलेले असते. नाहीतर वाटेतल्या खडकांतून बाहेरचा गंधक त्याच्यात मिसळावा लागतो. लोहाचे प्रमाण, तापमान आणि ऑक्सिजनची उपलब्धता यांचाही वाटा आहे; शिलारस फार ऑक्सिडीकृत असेल तर गंधक सल्फेटच्या रूपात राहतो आणि सल्फाइड थेंब तयार होण्याचे आणखी लांबते. पुस्तिकेने या सगळ्याऐवजी एक चुकीचे वाक्य देऊन विषय मिटवला आहे.

या चुकीचा परिणाम पेटीच्या निवडीवरही झाला आहे. बाहेरच्या गंधकाचे महत्त्व ज्याला माहीत नाही, तो गंधकाचा स्रोत पेटीत ठेवणार नाही, आणि तसेच झाले आहे. नोरील्स्कचा शिलारस वाटेत ॲनहायड्राइटयुक्त (म्हणजे कॅल्शियम सल्फेट असलेल्या) क्षारथरांतून गेला. म्हणूनच तेथील धातुकातील गंधकाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-अधिक वजनाचे अणू) प्रावरणातल्या गंधकापेक्षा स्पष्टपणे जड आहेत, शून्याऐवजी हजारामागे साधारण ८ ते १२ ने. कंबाल्डात तापलेल्या कोमाटाइट (मॅग्नेशियमने समृद्ध) लाव्ह्याने आपल्या तळाचे सल्फाइडयुक्त गाळाचे थर वितळवून घेतले. कॅनडातील लॅब्राडोरमध्ये १९९३ मध्ये सापडलेल्या व्हॉइझीज बेच्या धातुकातही शेजारच्या गंधकयुक्त नाइसाचा (एका रूपांतरित खडकाचा) हात आहे. सात नमुन्यांमध्ये ॲनहायड्राइटचा एक पांढरा खडा ठेवायला दुकानाला फार तर शंभर-दीडशे रुपये पडले असते.

त्याहून मोठी उणीव म्हणजे जेथे हे घडले नाही असा एकही खडक पेटीत नाही, आणि तो शोधायला कोल्हापूरच्या बाहेर जावे लागत नाही. दख्खनच्या बेसाल्टांचा एक शिलासमूह पन्हाळ्याच्या नावानेच ओळखला जातो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा आकारमानाने सायबेरियाच्या लाव्ह्याच्या पंक्तीत बसणारा आहे. मग नोरील्स्क तिकडे आणि आपल्याकडे काही नाही, असे का? रीड कीज आणि पीटर लाइटफूट यांनी २०१० मध्ये दोन्हीकडच्या बेसाल्टांची तुलना केली. सायबेरियातील नादेझ्दिन्स्की थरात कवचाचा अंश भरपूर मिसळलेला आहे आणि त्यातून निकेल, तांबे, प्लॅटिनम गट अक्षरशः धुऊन निघाला आहे, कारण सल्फाइड थेंबांनी तो आधीच गोळा करून खाली ठेवला. दख्खनमधील, सह्याद्रीत उत्तरेकडे उघडा पडलेला बुशे थर कवचाने तितकाच बाटलेला आहे, पण त्यातले धातू जागच्या जागी आहेत. त्याच्या वाटेत आलेल्या खडकांत गंधकच पुरेसा नव्हता. पन्हाळ्याच्या वाटेवरचा एक काळा दगड या पेटीत असता, तर मुलांना ‘धातुक का बनते’ याबरोबर ‘का बनत नाही’ हेही हातात धरता आले असते. मी आता तो स्वतःच आणून आठव्या कप्प्यात ठेवला आहे.

त्याशेजारचा सातवा कप्पाही रिकामा कसा झाला, तेही सांगतो. पेटीतला सातवा नमुना ओदिशातील सुकिंदाचा, पिवळसर-तांबडा, मातीसारखा, निकेलयुक्त म्हणून दिला आहे. तो निकेलयुक्त आहे हे खरे, पण त्याचा सल्फाइडाशी काही संबंध नाही. ऑलिव्हीनने समृद्ध असलेला खडक उष्ण-दमट हवेत कुजून, त्यातले निकेल मागे साठून तो बनला आहे. राधानगरीच्या बाजूचे विद्यार्थी त्याला पाहताक्षणी ‘जांभा’ म्हणाले, आणि ते बरोबरच होते. जातकुळी तीच, मूळ खडक वेगळा. दुकानात विचारले तेव्हा “सर, निकेलच हाय की त्यात बी” असे उत्तर मिळाले. उत्तर प्रामाणिक होते, म्हणून वाद घातला नाही, पण तो नमुना वेगळ्या कपाटात गेला आणि सातव्या कप्प्यासह दोन जागा मोकळ्या राहिल्या. सातव्यात आता ॲनहायड्राइट आहे.

बांधणीबद्दल एक व्यावहारिक तक्रार. नमुने कापसाच्या थरावर ठेवलेले आहेत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कापूस ओल धरतो, आणि पायरोटाइटला ओलसर हवा अजिबात मानवत नाही. त्याचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन पांढरट-पिवळी सल्फेटची भुकटी आणि थोडे आम्ल तयार होते. आमच्या सडबरीच्या पहिल्या तुकड्यावर ऑगस्टअखेर अशी भुकटी धरली आणि खालची कागदी पट्टी करपल्यासारखी झाली. कापूस काढून टाकावा, हवाबंद प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या वापराव्यात, आणि हे नमुने कॅल्साइट किंवा जीवाश्मांच्या शेजारी ठेवू नयेत. नावांच्या चिठ्ठ्याही डिंकाने चिकटवलेल्या आहेत. त्या सुटण्याआधी प्रत्येक दगडावर रंगाने क्रमांक घालून घ्यावा.

घ्यावी की नाही, याचे उत्तर घेणाऱ्यावर अवलंबून आहे. भूशास्त्राचा विभाग आणि विषय जाणणारा शिक्षक असेल तर दगडांसाठी ७,८०० रुपये जास्त नाहीत. नोरील्स्कची चकती आणि सडबरीची जोडी एवढ्यानेच ते वसूल होतात. शाळेने मात्र ही पेटी आहे त्या स्वरूपात घेऊ नये, कारण तेथे मुले पुस्तिकाच वाचतील. ओतशाळांमधील धातुशास्त्राच्या तरुण अभियंत्यांनाही मी ती दाखवली. निकेलच्या कारखान्यात मॅट (वितळलेले सल्फाइड) आणि मळी वेगळी होते ती हीच क्रिया, हे त्यांना लगेच पटले आणि कंबाल्डाचे जाळे त्यांनी सर्वांत जास्त वेळ न्याहाळले. दुकानात विचारल्यास सुटे नमुनेही मिळतात. पैसे बेताचे असतील तर नोरील्स्क, सडबरीचे दोन आणि मेरेन्स्की एवढेच घ्यावेत, घेण्यापूर्वी चकती भिंगाखाली पाहून थेंबातले दोन्ही रंग स्पष्ट आहेत याची खात्री करावी, आणि बाण कोणत्या दिशेला आहे तेही तेथेच तपासून घ्यावे.